डाळिंबी काठाची शाल

शाल नको, असं मी मंडळाच्या मुलींना स्पष्ट सांगितलं होतं. सर्जापूर रोडवरच्या या उंच इमारतींत मुलीकडे राहायला आल्यापासून इथल्या मराठी मंडळाला माझं भारी अप्रूप आहे. मंडळातले सगळे पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेले. बेंगळुरात जन्मलेली, बेंगळुरातच म्हातारी झालेली आणि तरी घरात मराठी बोलणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. मी 'जरा थांब'ला 'स्वल्प थांब' आणि 'बरं, येते मग'ला 'सरी, येते मग' म्हटलं की ते हसतात. हसू देत. आमची माणसं तीन-चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इथे आली, फौज परत गेली आणि आम्ही कपडे शिवत मागे राहिलो. इतक्या काळात भाषेला इथली हवा लागणारच.

तर यंदाच्या वर्धापनदिनाला त्यांनी माझा सत्कार ठरवला. मी म्हटलं नारळ द्या, चटणी करीन, पण शाल नको. आयुष्यात इतक्या शालींच्या घड्या घातल्यात की आता नुसती पाहिली तरी हात दुखतात. मंडळाची सेक्रेटरी ऐकेना. "काकू, शाल-श्रीफळ तर मस्टच ना," ती म्हणाली, आणि मग हळूच खरी बातमी सांगितली. प्रमुख पाहुणे म्हणून माजी मुख्यमंत्री येणार होते. मी त्यांच्या कार्यालयात होते हे तिला कुठून तरी कळलं होतं आणि तिने थेट त्यांनाच गाठलं होतं.  मग मी म्हटलं, बरं, आणा शाल.

साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मुख्यमंत्री सोडाच, साधे नगरसेवकही नव्हते. जयनगरमधून पहिली निवडणूक लढवायला निघाले होते आणि त्यासाठी झब्बे शिवून घ्यायला माझ्या वडिलांच्या दुकानात आले होते. वडिलांचं दुकान चिकपेटेच्या एका गल्लीत होतं, दोन मशिनं आणि एक कापायचं टेबल. साहेब सरहद्दीकडच्या जिल्ह्यातले. घरी मराठी, बाहेर कानडी, दोन्ही सारख्याच ठसक्यात. वडिलांचं बोलणं ऐकून ते म्हणाले, "मास्तर, ही कसली मराठी म्हणायची हो? बिसिबेळेभातात पुरणपोळी कुस्करल्यासारखी लागतीया." मी तेव्हा कानडीत एम. ए. करून एका कचेरीत टायपिंग करत होते आणि संध्याकाळी दुकानात काजं करायला बसत होते. मला राग लवकर येतो. मी मशिनवरून मान न उचलता म्हटलं की तुमचीही काही फार सोवळ्यातली नाही, भाकरीवर सांबार ओतलेली आहे. वडील घाबरले. साहेब मात्र खुर्चीत मागे रेलून हसले आणि विचारलं, ही पोरगी भाषणं लिहील काय?

अशी मी त्यांच्याकडे लागले आणि केस पांढरे होईपर्यंत राहिले. चारचौघांत मी त्यांना साहेब म्हणायची, गाडीत अण्णा. ते माझ्याहून वयानं मोठे, तरी मला अक्का म्हणायचे, म्हणून सगळं कार्यालयच अक्का म्हणायला लागलं. मुख्यमंत्री झाल्यावरही त्यांनी जे. पी. नगरचं आपलं घर सोडलं नाही. सकाळी त्या घरापासून विधानसौधेपर्यंत आम्ही गाडीत मराठीत बोलत जायचो. काच खाली करायची त्यांना सवय होती. पुढच्या-मागच्या पोलिसांना ते आवडायचं नाही, पण थंडीच्या दिवसांत अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्यासारख्या, शेंगांचा वास आला की साहेब गाडी हळू करायला लावायचे आणि आईच्या हातच्या कसल्याशा आमटीची गोष्ट सांगायचे. ती आमटी दर वर्षी थोडी थोडी चविष्ट होत गेली. त्या गाडीत राज्याच्या गोष्टी कमी आणि खाण्याच्या जास्त व्हायच्या. आजही जयनगरच्या सावलीच्या रस्त्यावरून रिक्षानं गेले की मी उगीचच खाली करायला काच शोधते.

भाषण लिहायची माझी एक पद्धत होती. साहेब कागद वाचायला लागले की लोक जांभया द्यायचे, आणि मान वर करून मनातलं एखादं वाक्य बोलले की तेच लोक सरसावून बसायचे. हे माझ्या फार लवकर ध्यानात आलं. म्हणून जिथे बोलणं लोकांच्या मनाला भिडायला हवं तिथे मी कागदावर चार बोटं जागा कोरी सोडायची. पहिल्या वेळी त्यांनी विचारलं की इथं काय लिहायचं राहिलं काय. मी म्हटलं, तिथे तुम्ही. पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही, आणि ती जागा त्यांनी कधी रिकामी जाऊ दिली नाही.

दुसरी गोष्ट शालीची. आमच्याकडे पाहुण्याचा मान म्हणजे शाल, हार, डोक्यावर म्हैसुरी पेटा आणि फळांची करंडी. यातलं काही चुकलं तर लोक पिढ्यानपिढ्या लक्षात ठेवतात. नगरसेवक असताना एकदा वॉर्डातल्या लोकांचे सत्कार होते आणि शेवटच्या बाई उरल्या, झाडूकाम करून निवृत्त झालेल्या, तेव्हा तबकातल्या शाली संपल्या. बाई हात जोडून उभ्या. माझ्या तोंडून निघून गेलं, अण्णा, तुमचीच द्या. साहेबांनी खांद्यावरची शाल काढली आणि त्यांच्या अंगावर घातली. मैदान उठून उभं राहिलं. त्या बाई रडल्या, मी रडले, साहेबांचेही डोळे भरले. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण पुढे आम्ही दोघंही चतुर झालो. शेवटच्या माणसासाठी मुद्दाम एक शाल कमी ठेवायची आणि साहेबांनी आपली काढून द्यायची. 'खांद्यावरची देणारा माणूस' म्हणून त्यांची ख्याती झाली. आयोजकांनाही ते कळलं आणि ते आपणहून एक शाल कमी ठेवायला लागले. साहेबांचा हात इतका सवयीचा झाला होता की रिकामं तबक दिसलं की आपसूक खांद्याकडे जायचा.

मुख्यमंत्री झाल्यावर शालींचा पूर आला. जे. पी. नगरच्या घरात एक खोलीच त्यांना दिली होती आणि शिंप्याची पोर म्हणून ती खोली माझ्याकडे. साध्या शाली वसतिगृहांना आणि इस्पितळांना जायच्या, चांगल्या पुन्हा सत्कारांना, आणि कुणी मायेनं दिलेल्या वरच्या कपाटात. घडी उघडली की वाळलेल्या मोगऱ्याच्या पाकळ्या पडायच्या, कापराचा वास यायचा. रविवारी वडील तिथे येऊन बसत. डोळे थकले होते, पण बोटं तशीच होती. लहानपणी ते माझे डोळे मिटायला लावून हातात कापड देत आणि विचारत, हातमाग की यंत्रमाग? हातमागावर कापड ताणून धरायची काठी असते, तिच्या बारीक टोचलेल्या खुणा काठाजवळ राहतात. त्या बोटाला लागतात. म्हातारपणी खेळ उलटा झाला होता. ते डोळे मिटून बसत, मी शाली देत जाई, आणि ते बरोबर सांगत. मग मी डोळे मिटायची. मी चुकले नाही की त्यांना जो आनंद व्हायचा तो मी एम. ए. झाले तेव्हाही झाला नव्हता.

आणि मग विणकर आले. उत्तरेकडच्या गावांतून विणकर कुटुंबं शहरात धरण्याला बसली. त्यांची परंपरेची नक्षी मोठे यंत्रमागवाले उचलत होते आणि निम्म्या भावात विकत होते. कायदा हातमागाच्या बाजूचा होता, पण कारवाई कुणी करत नव्हतं. साहेब त्यांना भेटायला गेले. एका म्हाताऱ्या विणकरानं स्वतः विणलेली शाल त्यांच्या खांद्यावर घातली, गर्द निळी, डाळिंबी काठाची. माझ्या भाषणात नेहमीची कोरी जागा होती. तिथे साहेबांनी मान वर केली आणि म्हणाले की तुमच्या तक्रारीचा निर्णय होईपर्यंत ही शाल माझ्या खांद्यावरून उतरणार नाही. धरणं त्याच संध्याकाळी उठलं. मी गाडीत म्हटलं, अण्णा, मोठं बोललात. ते म्हणाले, जागा तूच सोडली होतीस की.

पुढचे काही आठवडे ते खरंच दुसरी शाल घालेनात. कुणी घालायला आलं तर हातात घ्यायचे. निर्णयाची फाइल मात्र एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत राहिली.

अशात एके दिवशी व्यापाऱ्यांच्या एका संघटनेचा सोहळा होता. सत्कारमूर्तींची रांग लागली होती, सनई-ढोल चालू होते, आणि मी मंचाच्या पायरीशी उभी होते. रांगेत शेवटी कोण आहे हे तेव्हा मी पाहिलं. यंत्रमागाच्या सर्वांत मोठ्या कारखान्याचा मालक. विणकरांच्या तक्रारीत पहिलं नाव ज्याचं होतं तोच. आणि आयोजकांनी साहेबांना खूश करायला तबकात एक शाल कमी ठेवली होती. मी अण्णा, अण्णा अशा हाका मारल्या, पण ढोलापुढे माझा आवाज कुठला पोचायला. साहेबांनी रिकाम्या तबकाकडे पाहिलं. त्यांचा हात खांद्याकडे गेला. चेहऱ्यावर तेच नेहमीचं हसू होतं, मनात काही पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. गर्द निळी, डाळिंबी काठाची शाल त्या मालकाच्या अंगावर गेली आणि सगळ्या कॅमेऱ्यांनी ती टिपली.

गाडीत बसल्यावरही त्यांना कळलं नव्हतं. गारठा लागला म्हणून त्यांनी खांदा चाचपला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी आम्ही खाण्याच्या गोष्टी केल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राज्यभर एकच दृश्य फिरत होतं. एकीकडे शपथ, एकीकडे मालकाच्या खांद्यावरची शाल. आमचे हात विकले गेले असं म्हणत विणकरांनी माग बंद ठेवले, विरोधकांनी राजीनामा मागितला. साहेबांच्याच पक्षातले जे खुर्चीकडे डोळा लावून बसले होते त्यांना तर सणच आला. जे. पी. नगरच्या घरी बैठक बसली. साहेबांची प्रतिमा सांभाळायला नेमलेला एक हुशार मुलगा होता, सर्जापूर रोडच्याच कुठल्याशा कंपनीचा, हिंदी-इंग्रजीत बोलणारा. त्यानं तोड काढली. मालकाकडून शाल गुपचूप परत आणायची आणि ती घरात सुखरूप आहे असं दाखवायचं. मालकाला दिली ती तिच्यासारखी दिसणारी गिरणीची शाल होती, कार्यालयातल्या माणसाकडून अदलाबदल झाली, असं सांगायचं. आणि त्या माणसाला कामावरून दूर केल्याचं जाहीर करायचं. शालींची खोली कुणाकडे होती ते तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे आपापल्या बशीतल्या उप्पिटाकडे बघत राहिले.

साहेबांनी मराठीत विचारलं, म्हणजे बाकीच्यांना कळू नये म्हणून. "अक्का, काय करू गे मी?"

खरं सांगते, मला त्यांची दया आली. इतक्या वर्षांत त्यांनी मला हा प्रश्न असा कधी विचारला नव्हता. खुर्ची गेली असती तर विणकरांची फाइलही गेली असती, हेही मला दिसत होतं. मी म्हटलं, "मी लिहून देते, अण्णा."

आतल्या खोलीत बसून मी ते निवेदन हातानं लिहिलं. स्वतःलाच काढून टाकल्याचं निवेदन इतक्या चांगल्या कानडीत कुणी लिहिलं नसेल. पण पहिल्या परिच्छेदानंतर, काय घडलं ते सांगण्याआधी, मी चार बोटं जागा सोडली. तिथे ते मान वर करतील आणि म्हणतील की मीच दिली, सवयीनं हात गेला, मला माफ करा. एवढंच वाक्य. मग खालचं काही वाचायची गरजच पडली नसती. लोकांनी त्यांना माफ केलं असतं असं मला वाटत होतं, आजही वाटतं. खांद्यावरची देणाऱ्या माणसाकडून अशीच चूक होणार, दुसरी कुठली होणार? कागद त्या मुलानं टाइप करायला नेला आणि मी पिशवी उचलून बाहेर पडले.

मी वडिलांकडे गेले. दुकान बंद करून ते वरच्या खोलीत टीव्हीसमोर बसले होते. त्यांना मी काही सांगितलं नाही, सांगायचं काही उरणार नाही अशी माझी खात्री होती. साहेब पडद्यावर आले, बाजूला टेबलावर निळी शाल. ते वाचायला लागले. पहिला परिच्छेद संपला. मी पदर घट्ट धरला. ते क्षणभर थांबले, मान किंचित वर झाली, आणि मग खाली गेली. ते पुढचं वाचायला लागले. गिरणीची शाल. कार्यालयातल्या व्यक्तीला फरक ओळखता आला नाही. त्या व्यक्तीला दूर करण्यात आलं आहे.

वडिलांनी उठून टीव्ही बंद केला. मग त्यांनी विचारलं, "मिलचं कापड तुला कळलं नाही, पोरी?"

 खरं सांगितलं असतं तर ते गल्लीतल्या पहिल्या माणसाला अभिमानानं सांगून आले असते आणि साहेब त्याच दिवशी खाली आले असते. मी म्हटलं, घाईत कळलं नाही. "सरी," ते म्हणाले, "होतं स्वल्प असं." त्यांनी मला रागावायला हवं होतं. रागावले असते तर मला इतकं लागलं नसतं. त्यानंतर त्यांनी माझ्या हातात कापड देऊन कधी विचारलं नाही, आणि मीही कधी डोळे मिटले नाहीत.

विणकरांचा निर्णय त्याच आठवड्यात निघाला. साहेबांनी ती फाइल स्वतः बसून पुढे नेली आणि कारवाईही करायला लावली. हे मी त्यांच्या पदरात टाकते, टाकायलाच हवं. शाल वरच्या कपाटात गेली असेल. त्यानंतर साहेबांनी कुणालाही खांद्यावरची शाल दिली नाही, कारण त्यांनी खांद्यावर शाल घेणंच सोडलं. पुढच्या निवडणुकीत ते हरले ते दुसऱ्याच कारणानं.

मला ते दर युगादीच्या पाडव्याला फोन करायचे. कडुलिंब-गुळाचं बेवू-बेल्ल खाल्लंस काय, विचारायचे. त्या दिवसाबद्दल कधी बोलले नाहीत. वडील शेवटच्या दुखण्यात असताना मात्र घरी आले, चटईवर बसले. वडिलांनी हात जोडून त्यांना म्हटलं की माझ्या मुलीच्या हातून मोठी चूक झाली, तुम्ही सांभाळून घेतलंत. मी दारात उभी होते. साहेबांनी त्यांचे हात आपल्या हातात घेतले आणि खाली बघत राहिले. काही दिवसांनी वडील गेले.

तुम्ही म्हणाल, एवढं होऊन मी त्यांच्याशी गोड कशी बोलत राहिले. कारण मी मनाची एक समजूत घातली होती. माझा कागद तो मुलगा टाइप करायला घेऊन गेला होता. ज्याला ही पद्धत ठाऊक नाही तो मधली कोरी जागा ठेवील कशाला? त्यानं मजकूर सलग टाइप केला असणार. साहेबांना जागा दिसलीच नाही. दिसली असती तर ते बोलले असते, आयुष्यभर बोलत आले होते. या एका समजुतीवर मी त्यांना माफ केलं होतं आणि गाडीतली ती सगळी वर्षं, तो शेंगांचा वास, ती दरवर्षी चविष्ट होणारी आमटी, सगळं जपून ठेवलं होतं.

वर्धापनदिनाला साहेब काठी टेकत आले. खूप वाळले होते. मंडळाच्या मुलांनी ढोलताशे आणले होते, क्लबहाउसमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. तबकातून शाल आली, प्लास्टिकच्या पिशवीतली, अजून किमतीचं स्टिकर न काढलेली. साहेबांनी ती पिशवीतून काढली, सवयीनं काठ चाचपला आणि डोळे मिचकावून माझ्याकडे पाहिलं. मला हसू आलं. क्षणभर सगळं जुनं परत आलं. मग शाल माझ्या खांद्यावर घालताना ते वाकले आणि कानाशी बोलले.

"त्या दिवशी माझ्या हातात तुझाच कागद होता गे, अक्का. टाइप केलेला मी घेतलाच नाही. ती जागा मला दिसली होती."

फोटोवाला समोर बघा म्हणत होता. आम्ही दोघांनी समोर पाहिलं. मी ओठ न हलवता विचारलं, "आज कशाला सांगितलं, अण्णा?"

"आणि कधी सांगू?" ते म्हणाले.

मला राग आला.  इतकी वर्षं जे जपलं होतं ते या माणसानं स्वतःचं मन हलकं करायला एका वाक्यात काढून घेतलं. चटईवर बसले होते तेव्हा सांगायचं होतं, वडील ऐकत होते तेव्हा. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की ते घाबरले होते. त्याआधीच्या कोऱ्या जागेत बोललेल्या वाक्यानंच ते अडकले होते, पुन्हा त्या जागेत पाऊल टाकायची त्यांना भीती वाटली होती. हे कळलं म्हणून राग गेला नाही.

सेक्रेटरीनं माझ्या हातात माइक दिला. उत्तराचं छोटं भाषण मी कागदावर लिहून आणलं होतं. मंडळाचे आभार, पाहुण्यांचे आभार, मधे जुन्या बेंगळुराच्या दोन आठवणी. वाचता वाचता मी थांबले. आयुष्यभराची खोड, माझ्याही कागदावर मधे चार बोटं जागा कोरी होती. मी मान वर केली. साहेब पहिल्या रांगेत बसले होते आणि माझ्याकडे बघत होते. ती जागा काय असते हे त्या सगळ्या सभागृहात त्यांनाच ठाऊक होतं.

मी म्हटलं, "माझे वडील शिंपी होते. हातमागाचं कापड कुठलं आणि यंत्रमागाचं कुठलं, हे त्यांनी मला डोळे मिटून ओळखायला शिकवलं. ते मला येतं. मी कार्यालयात होते तेव्हाही येत होतं."

मंडळी कौतुकानं हसली आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना शालींची किती आवड, असं कुणीतरी म्हणालं. तेच मी पुन्हा कानडीत सांगितलं, कारण मला फरक ओळखता आला नाही हे वडिलांनी कानडीतच ऐकलं होतं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन्ही हात काठीवर ठेवून ते खाली बघत राहिले, चटईवर बसले होते तसेच. मी कागदाकडे पाहिलं आणि खालचं पुढे वाचलं.